माळ्यावरचा वैशाख

गेल्या महिन्यांत या सदरांत धान्याची वाळवण व साठवण यांविषयीं चार शब्द लिहिले होते. या महिन्यांत कोठीच्या खोलींतून बाहेर पडून जिना चढावयाचा आहे, आणि घराच्या अगदीं शेंड्यावर, माळ्यावर, जाऊन बसावयाचें आहे. तेथें बसणें सुखाचें नाहीं हें आधींच सांगून ठेवतों. परंतु ज्या घराला माळा आहे, त्या घरांतील कर्त्या मंडळींनीं वैशाखांतील एक दुपार तरी तेथें काढावी, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच आहे.

आमच्या लहानपणीं माळा हें अडगळीचें ठिकाण होतें. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, वर्षांतून एकदां लागणारीं मोठीं पातेलीं, मोडका पाळणा, वाळवीनें खाल्लेलीं दप्तरें आणि सुटींत लपंडाव खेळणारीं मुलें, यांपलीकडे तेथें कोणाचा मुक्काम नसे. आतां कुटुंबें वाढलीं, घरें होतीं तेवढींच राहिलीं, आणि माळ्याची खोली झाली. सांगलीस तर याला आणखी एक कारण घडलें. माझे धाकटे बंधू तेथें गावभागांत राहतात. कृष्णामाई त्या घरापासून फार लांब नाहीं. २००५ सालीं पूर आला, तो घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं नशिबावर घातला. परंतु २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें, आणि २०२१ च्या जुलैंत नदी पुन्हां गांवांत शिरली, तेव्हां मात्र खालच्या मजल्यावरचा संसार हळूहळू वर सरकूं लागला. कोठी मधल्या मजल्यावर गेली आणि मधल्या मजल्यावरचीं माणसें माळ्यावर गेलीं. या माळ्यावर पूर्वीं कौलें होतीं. दरवर्षींच्या फुटतुटीला कंटाळून बंधूंनीं तीं काढून पत्रा घातला होता.

अशी ती रचना झाली. खालीं माजघर व स्वयंपाकघर. मधल्या मजल्यावर बंधू, भावजय, आमच्या वृद्ध आत्याबाई व देवघर. आणि माळ्यावर पुतण्या व त्याची बायको. एकत्र कुटुंबांत खोल्यांची वांटणी कोणी कागदावर करीत नाहीं; ती आपोआप होते. आणि अशा आपोआप होणाऱ्या वांटणींत घरांतलें सर्वांत नवें व सर्वांत कमी बोलणारें माणूस सर्वांत तापणाऱ्या खोलींत जाऊन पडतें. यांत कोणाचा दुष्टपणा असतो असें नाहीं. कोणीं तिकडे पाहिलेलें नसतें, इतकेंच.

गेल्या वर्षीं अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मी साताऱ्याहून सांगलीस गेलों होतों. सूनबाई तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन नुकतीच माहेराहून परत आली होती. आमरसाचें जेवण झालें, आणि मंडळी माजघरांतील गार शहाबादी फरशीवर पंख्याखालीं आडवी झाली. मला माझा चष्मा सांपडेना. तो पुतण्यानें वर नेला असेल असें वाटून मी माळ्याचा जिना चढलों. शेवटच्या तीन पायऱ्यांवर हवा एकदम बदलली. तापलेल्या तव्याजवळ तोंड न्यावें तसें कपाळाला लागलें. सूनबाई पाळण्याजवळ जमिनीवर बसली होती. पाळण्याच्या दोऱ्यांवर तिनें ओलें लुगडें पसरलें होतें, आणि पंखा बंद करून ती हातानें विंझणा हालवीत होती. कारण पंखा लावला कीं तो वरची तापलेली हवाच खालीं लोटीत होता. मुलीच्या मानेवर व काखेंत घामोळें उठलें होतें.

मीं विचारलें, "अग, खालीं कां येत नाहींस?"

ती म्हणाली, "काका, खालीं सगळे निजले आहेत. ही रडली म्हणजे उठतील. मला सवय झाली आहे."

खोलीची उष्णता मोजण्याचें एक लहानसें यंत्र माझ्या पिशवींत नेहमीं असतें. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून ऊनपावसाचीं टिपणें ठेवण्याचा मला छंद लागला आहे. त्या दुपारीं ओसरीच्या सावलींत त्यानें ३९ अंश दाखविले, माजघरांत ३४, आणि माळ्यावर पाळण्याच्या उंचीवर ४५. तेंही केवळ हवेचें माप. वरच्या पत्र्याची जी धग अंगावर येत होती, ती सगळी या मापांत येत नाहीं.

सायंकाळीं घरांत विचार सुरू झाला. माझा मुलगा अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांत असतो. त्याला दूरध्वनीवर हकीकत सांगतांच तो म्हणाला कीं, छपराच्या आंतल्या बाजूनें फेस फवारून घ्यावा; त्याच्या स्वतःच्या घरीं तसेंच केलेलें आहे, आणि साताऱ्याच्या आमच्या कौलांनाही तें करून टाकावें. बंधूंचें मत पडलें कीं, थंड हवेचें यंत्र बसविलें कीं काम झालें. आत्याबाईंचें माहेर माणदेशांतलें. त्या म्हणाल्या, "पत्रा काढा आणि मातीचें धाबें घाला. आमच्या माहेरीं वैशाखांत पांघरूण लागे." तिन्ही मतांत सत्याचा कांहीं अंश होता, आणि त्यामुळेंच निवड करणें कठीण झालें. मी आयुष्यभर संस्कृत शिकविणारा मास्तर, स्थापत्याचा पंडित नव्हे. परंतु औषध ठरविण्यापूर्वीं रोग ओळखावा, एवढें मला कळत होतें.

उष्णता तीन वाटांनीं प्रवास करते हें शाळेंत सर्वांनींच पाठ केलेलें असतें : वहन, अभिसरण आणि प्रारण. माळ्यावर या तिन्ही वाटा एकत्र येतात. ऊन पत्र्यावर पडतें आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या त्या धातूंतून क्षणांत आंतल्या पृष्ठावर उतरतें, हें वहन. तापलेला पत्रा खालच्या माणसावर शेगडीसारखी धग टाकतो; हें प्रारण. आणि पत्र्याला लागलेली हवा तापून हलकी होते, आढ्यापाशीं जमते, व तेथें बाहेर जाण्यास वाट नसल्यामुळें थरावर थर सांचत पाळण्यापर्यंत खालीं येते. हें अडलेलें अभिसरण. आपल्या उन्हांत जुना, काळवंडलेला पत्रा ६० अंशांच्याही पुढें तापतो. नवा चकचकीत पत्रा थंड राहील अशी पुष्कळांची समजूत असते, पण तीही खरी नव्हे. उघडी धातु ऊन परतवते हें खरें, परंतु जी उष्णता तिच्यांत शिरली ती आकाशाकडे टाकून देणें तिला नीट साधत नाहीं. पांढरा रंग हीं दोन्ही कामें करतो.

आपल्या पूर्वजांना हीं नांवें ठाऊक नसतील, पण काम ठाऊक होतें. एकट्या सातारा जिल्ह्यांतच पाहा. महाबळेश्वरास वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि माणदेशांत सुमारें ५०० मिलिमीटर. म्हणून पश्चिमेकडे उतरतें छप्पर, आणि पूर्वेकडे मातीचें सपाट धाबें. धाब्याला मध्यें एक सवणें ठेवलेलें असे. त्यांतून उजेड खालीं येई आणि चुलीचा धूर व तापलेली हवा वर निघून जाई. कौलारू घरांत कौलांच्या प्रत्येक सांध्यांतून हवा झिरपत असे. संस्कृतांत खिडकीला वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. आणि गवाक्ष म्हणतात, म्हणजे गाईबैलाच्या डोळ्यासारखें भोंक. ज्यांनीं हे शब्द घडविले त्यांनीं खिडकीचा विचार करतांना देखाव्याआधीं वाऱ्याला स्थान दिलें असावें, असें मला वाटतें.

पत्रा मात्र परका पाहुणा आहे. लंडनच्या गोदीचा इंजिनियर हेन्री पामर यानें १८२९ सालीं नळीदार पत्र्याचा हक्क नोंदविला, आणि १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें लोखंडावर जस्ताचा मुलामा चढविण्याची रीत काढली. हलका, टिकाऊ आणि वानरांना न फुटणारा म्हणून आपण त्याला घरांत घेतलें. परंतु त्याला घेतांना सवणें बुजविलें, सांधे बुजविले, आणि त्यांच्या जागीं दुसरी वाट ठेवावयास विसरलों. बंधूंच्या माळ्याचा रोग तो हाच.

आतां मुलानें सुचविलेल्या फेसाकडे वळूं. जर्मनींत लेव्हरकुझेन येथें ओटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं पॉलियुरेथेन हा पदार्थ सिद्ध केला. त्याचाच हा फेस. आयसोसायनेट व पॉलिओल असे दोन द्रव नळीच्या तोंडाशीं एकत्र येऊन छपरावर फवारले जातात, पाहतां पाहतां कित्येक पट फुगतात आणि थिजतात. थिजलेल्या फेसांत असंख्य बारीक पेशी असतात व त्यांत वायु कोंडलेला असतो. गोधडी ऊब देते ती तिच्या चिंध्यांच्या मधल्या निश्चळ हवेमुळें. येथेंही तत्त्व तेंच. बंद पेशींच्या फेसाचा एक इंचाचा थर उष्णता अडविण्याच्या कामीं सुमारें २५ ते ३० इंच जाडीच्या विटेच्या भिंतीची बरोबरी करतो. तेव्हां पदार्थ गुणवान् आहे यांत शंका नाहीं. प्रश्न आहे तो त्याच्या जागेचा.

मिनेसोटांत हिवाळ्यांत पारा उणे २० अंशांच्याही खालीं उतरतो. तेथें कित्येक महिने दारें-खिडक्या लावून आंत यंत्रानें ऊब करावी लागते, आणि छपराची एकेक फट म्हणजे पैशाची गळती असते. घर कडेकोट बंद केल्यावर ताजी हवा आंत घेण्यासाठीं तेथें निराळें यंत्र बसवितात. म्हणजे फेस हा एकटा येत नाहीं; बंद घर आणि अखंड चालणारें यंत्र हे त्याचे सोबती आहेत.

याचें उदाहरण सांगलीकरांना दूरदेशीं शोधावयास नको. तासगांवच्या बाजूस द्राक्षांचा बेदाणा होतो. द्राक्षें वाळत घालतात तीं उघड्या मांडवांत, जाळीच्या थरांवर, चारी बाजूंनीं वारा खेळेल अशा रीतीनें. तोच माल बेदाणा होऊन शीतगृहांत गेला कीं सगळें उलट होतें. तेथें भिंतींच्या तक्त्यांत हाच फेस भरलेला असतो, दार घट्ट मिटतें आणि यंत्र रात्रंदिवस चालतें. मांडव बंदिस्त केला तर द्राक्षें कुजतील, आणि शीतगृहाला झरोके पाडले तर यंत्र व्यर्थ शिणेल. दोन्ही घरें आपापल्या जागीं उत्तम आहेत. परंतु अर्धें मांडवाचें आणि अर्धें शीतगृहाचें असें घर कोणाच्याच कामाचें नाहीं. माळ्यावर कोणतीही सुधारणा करण्यापूर्वीं आपली खोली या दोहोंपैकीं कोणत्या जातीची ठेवावयाची, हें गृहस्थानें प्रथम ठरवावें.

बंद घराविषयीं आणखी एक गोष्ट. सांगलीजवळ हरिपुरास हळदीचीं पेवें होतीं. जमिनींत खोल खणलेल्या त्या पोकळींत हळद वर्षानुवर्षें निर्धास्त राहत असे. २००५ च्या पुरानें त्यांतल्या पुष्कळ पेवांची हानि केली. या पेवाचें तोंड उघडल्यावर जाणता माणूस लागलीच आंत उतरत नसे. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत तो थांबे, आणि कंदील आंत सोडून ज्योत टिकते कीं नाहीं तें पाही. हळदीला जी हवा मानवते ती माणसाला मारूं शकते. आपलें राहतें घर पेवासारखें बंद करावयाचें असेल, तर ताज्या हवेची सोय काय, हा प्रश्न पैसे देण्याआधीं विचारला पाहिजे.

मीं सांगलींत या कामाची माहिती काढली. नमुना घेऊन एक गृहस्थ आले. फेसाचे गुण त्यांनीं न अडखळतां सांगितले. पथ्य एकही सांगितलें नाहीं. म्हणून तें मी येथें सांगतों. फवारतांना आयसोसायनेटची वाफ हवेंत येते. तिनें दमा जडूं शकतो, आणि एकदां तिचें वावडें जडलें कीं मग अल्पसा संपर्कही सोसत नाहीं. म्हणून फवारणारे श्वासाचा मुखवटा घालतात, आणि घरच्या माणसांनीं निदान एक दिवस, तान्हें मूल असेल तर त्याहून अधिक, दुसरीकडे राहावयाचें असतें. दुसरें, हा फेस पेटला तर विषारी धूर सोडतो. म्हणून राहत्या खोलींत तो उघडा न ठेवतां जिप्समच्या तक्त्यांनीं झांकावा लागतो. तिसरें, ऊन लागलें कीं तो पिवळा पडून भुगा होऊं लागतो. बाहेरून लावला तर त्यावर रक्षक लेप हवाच. या तीन गोष्टी विचारल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "काका, कांहीं होत नाहीं." मीं त्यांना चहा दिला आणि निरोपही दिला.

साताऱ्याच्या आमच्या घरासाठीं तर हा विचार मीं तेथल्या तेथेंच सोडला. त्या घरावर मंगळुरी कौलें आहेत. बासेल मिशननें मंगळुरास १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें तीं कौलें घाट चढून आपल्याकडे रुळलीं. या कौलांचें मर्म असें कीं तीं नुसतीं रिपांवर टेंकलेलीं असतात. फुटलेलें एक कौल काढून दुसरें घालतां येतें. मृगाआधीं शाकारणी करणारा गडी वर चढतो, वानरांनीं हालविलेलीं कौलें नीट करतो, आणि कोणता वासा भिजला आहे हें खालून आपल्याला दिसतें. खालच्या बाजूनें फेस फवारला कीं कौलें, रिपा व वासे एकमेकांना चिकटतात. शाकारणी खुंटते. पाणी झिरपलें तरी फेसाच्या मागें तें दिसत नाहीं. लांकूड आंतल्या आंत कुजतें, वाळवी लागते, आणि एके दिवशीं आढें वांकलेलें दिसतें तेव्हां उशीर झालेला असतो. ही केवळ म्हाताऱ्याची भीति नव्हे. इंग्लंडांत जुन्या घरांच्या छपरांना असा फेस पुष्कळ लोकांनीं लावून घेतला, आणि आतां तेथील कित्येक कर्ज देणाऱ्या संस्था तशा घरावर कर्ज देण्यास कां कूं करतात, कारण आंतल्या लांकडाची स्थिति पाहतांच येत नाहीं. हें सर्व मुलाला सांगितलें. तो म्हणाला, "बाबा, कौलें सुटीं असतात हें मी विसरलोंच होतों."

आत्याबाईंच्या धाब्याविषयीं बोलतांना मला जपावें लागलें, कारण त्यांत माहेरचा अभिमान होता. मातीचें जाड धाबें दुपारची उष्णता रात्रीपर्यंत थोपवून धरतें हें खरें. परंतु गळतीसाठीं दरवर्षीं वर नवी माती टाकावी लागते, आणि वजन वाढत जातें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां दगडमातीच्या भिंतींवरचीं तीं जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं आणि हजारों जीव गेले. आपल्या सातारा-सांगलीकडच्या लोकांनीं तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विसरूं नये. माळ्याच्या लांकडी वाशांवर मातीचें ओझें घालणें मला मान्य होईना. आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "मग निदान सवणें तरी ठेवा." सगळ्या चर्चेंतील नेमका सल्ला तो ठरला.

बंधूंच्या यंत्राचें काय? उघड्या पत्र्याखालीं थंड हवेचें यंत्र लावणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. छपराचें ऊन आधीं अडविल्यावांचून यंत्र दुपारभर धांवत राहील, आणि वीज गेली कीं घटकाभरांत खोली पुन्हां भट्टी होईल. छप्पर सुधारल्यावर हवें तर यंत्र बसवावें; मग तें लहानही पुरतें.

शेवटीं माळा मांडवाच्या जातीचा ठेवावयाचा असें ठरलें, आणि पुढील क्रमानें काम केलें.

पहिल्यानें ऊन बाहेरच अडविलें. पत्रा घांसून, धुऊन त्याला छपरासाठीं मिळणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. गुळगुळीत पत्र्यावर नुसता चुना टिकत नाहीं, पहिल्या पावसांत वाहून जातो. सिमेंटच्या गच्चीवर मात्र चुन्याचा दाट हात अवश्य द्यावा. अहमदाबादेस २०१० च्या उन्हाळ्यांत फार माणसें दगावलीं. तेव्हां २०१३ सालीं तेथील नगरपालिकेनें उष्म्याशीं सामना करण्याची योजना केली, आणि पुढें गरीब वस्त्यांचीं छपरें पांढरीं करणें हा तिचा एक भाग झाला. आपल्या घरीं तें करण्यास कोणाच्या योजनेची वाट पाहावयास नको.

दुसरें काम वाऱ्याच्या वाटेचें. वळचणीला दोन्ही बाजूंनीं फट ठेवून तिला बारीक जाळी मारली, म्हणजे उंदीर, चिमण्या व वटवाघळें आंत येत नाहींत. आढ्यावर पत्रा थोडा उचलून त्यावर टोपण बसविलें, म्हणजे पाऊस आंत येत नाहीं आणि तापलेली हवा बाहेर जाते. खालून गार हवा आंत, वरून ऊन हवा बाहेर; दोहोंपैकीं एकच वाट ठेवली तर उपयोग थोडा. माळ्याच्या दर ३०० चौरस फूट जमिनीस निदान १ चौरस फूट उघडी वाट, अर्धी खालीं व अर्धी वर, असा एक जुना अमेरिकन दंडक १९४२ पासून चालत आला आहे. तो थंड मुलखांतला. आपल्याकडे याच्या दुप्पट-तिप्पट ठेवण्यास हरकत नाहीं. जाळीनें बरीचशी जागा अडते हेंही हिशेबांत धरावें. कारखान्यांच्या छपरांवर वाऱ्यानें फिरणारे चकचकीत गोळे वाचकांनीं पाहिले असतील. मोठ्या माळ्याला तसा एक गोळा बसविला तरी चालतो. कौलारू घरांत झरोक्याचें कौल आढ्याजवळ बसवून घ्यावें.

तिसरें काम धग तोडण्याचें. जुन्या वाड्यांत तक्तपोशी असे, तिचेंच हें स्वस्त रूप. पत्र्याच्या खालीं वीतभर अंतर सोडून हलक्या फळ्यांचें छत केलें, आणि त्याच्या वरच्या अंगाला चंदेरी मुलाम्याचा कागद चिकटविला. हा मुलामा धग रोखतो, परंतु त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. पत्र्याला भिडवून लावला तर व्यर्थ. छत व पत्रा यांमधली पोकळी वळचणीपासून आढ्यापर्यंत मोकळी ठेवली. ती बुजविली तर केलेलें सर्व काम फुकट.

ज्यांच्या डोक्यावर पत्रा नसून सिमेंटची गच्ची आहे, त्यांच्या त्रासाची वेळ निराळी असते. गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्रीं दहा वाजतां तें खालीं सोडते. तिला औषध वरून करावें, खालून नव्हे : पांढरे फरशीचे तुकडे बसवावे, किंवा ऐपत असेल तर वरून फेसाचा थर देऊन त्यावर पक्का रक्षक लेप करावा. फेसाला आपल्याकडच्या राहत्या घरांत योग्य जागा असलीच, तर ती ही.

आतां फळ काय मिळालें तें प्रामाणिकपणें सांगतों. यंदा वैशाखांत मी पुन्हां तेंच यंत्र घेऊन गेलों. ओसरीवर ३९ अंश होते, माजघरांत ३४, आणि माळ्यावर ४०. पांच अंश उतरले, आणि डोक्यावरची धग गेली. पण ३९ च्या खालीं माळा गेला नाहीं, आणि जाणारही नव्हता. कारण वाऱ्याची वाट खोलीला बाहेरच्या हवेपर्यंत आणून सोडते, तिच्याहून थंड करीत नाहीं. ४० अंशांची दुपार मोठ्या माणसाला जेमतेम सोसेल. तान्ह्या मुलाला ती सोसूं द्यावी असें कोणी म्हणणार नाहीं. रंग, झरोके आणि छत यांनीं जें होण्यासारखें होतें तें झालें. उरलेलें काम छपराचें नव्हतें, घरच्या माणसांचें होतें.

तें काम गेल्या वर्षींच झालें होतें. तें कसें झालें तेवढें सांगून थांबतों. चर्चेच्या दुसऱ्या दिवशीं जेवणानंतर मीं बंधूंना म्हटलें, "आज वामकुक्षी माळ्यावर घे." ते हंसत वर गेले. अर्ध्या तासानें खालीं आले तेव्हां सदरा अंगाला चिकटलेला होता. ते कोणाशीं कांहीं बोलले नाहींत. सरळ पुतण्याला हांक मारून त्यांनीं पाळणा खालीं आणविला आणि माजघरांत, गार फरशीवर, स्वतःच्या निजण्याच्या जागीं लावला. सूनबाई संकोचानें म्हणाली, "मामंजी, ही रडते हो दुपारची." त्यावर भिंतीशीं पडलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "रडूं दे कीं. माझ्या कानांना कुठें ऐकूं येतें?" त्या दिवसापासून उन्हाळ्यांत दुपारचें माजघर आई व मुलीचें झालें, आणि बंधू देवघराशेजारीं चटई टाकूं लागले.

वाचकांपैकीं ज्यांच्या घराला माळा आहे आणि त्या माळ्यावर कोणी राहत आहे, त्यांना माझी एवढीच विनंति कीं, रंगाऱ्याला किंवा सुताराला बोलावण्यापूर्वीं आपण स्वतः दुपारीं दोन वाजतां वर जावें, पंखा बंद करावा, आणि निदान अर्धा तास बसावें. पाऊस लागण्यापूर्वीं हें झालें तर बरें. छपराचें काम पावसांत होत नाहीं, आणि पुढचा वैशाख येईपर्यंत आपल्याला विसर पडतो.